एकच गाणं, मोर्चात आणि छावणीतही

१९६६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपाचं गाणं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातलं नव्हतं. 'द बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज' हे त्याचं नाव. गायक बॅरी सॅडलर हा लष्करातला सार्जंट, 'ग्रीन बेरेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विशेष दलातला वैद्यकीय सहायक. व्हिएतनाममध्ये जमिनीत रोवून ठेवलेल्या टोकदार बांबूने पाय जखमी झाल्यावर तो मायदेशी परतला होता. गाण्यात विमानातून उड्या टाकणाऱ्या जवानांचं कौतुक, मागे संचलनाचा ठेका, आणि शेवटी मरणाऱ्या सैनिकाची बायकोला विनंती, की आपल्या मुलालाही याच दलात पाठव. पाच आठवडे ते पहिल्या क्रमांकावरून हललं नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण साठीच्या दशकातल्या अमेरिकेचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, म्हणजे लांब केस, फुलं, गिटार आणि 'युद्ध नको' असे फलक, त्याला नंतरच्या चित्रपटांनी बराच रंग दिलेला आहे. त्या चित्रात एका बाजूला सरकार आणि सैन्य, दुसऱ्या बाजूला रॉक आणि तरुणाई अशी सरळ रेघ असते. प्रत्यक्षात तशी रेघ नव्हती. रॉक संगीत युद्धाबाहेर उभं राहून आरडाओरडा करत नव्हतं. ते युद्धाच्या आतही होतं, छावणीतल्या टेपरेकॉर्डरवर, लष्कराच्या स्वतःच्या रेडिओवर आणि चक्क शत्रूच्या रेडिओवरही. मोर्चात जे गाणं वाजत होतं, तेच पुष्कळदा बंदूक घेतलेला पोरगाही ऐकत होता.

कुणाला जावं लागे, कुणाला नाही

या सगळ्याच्या मुळाशी सक्तीची लष्करभरती आहे. स्वतंत्र भारतात सैन्यात कुणालाही सक्तीने घेतलेलं नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला नुसती वाचून नीट कळत नाही. अमेरिकेत १८ वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक मुलाला भरतीसाठी नाव नोंदवावं लागे. पुढचा निर्णय स्थानिक 'ड्राफ्ट बोर्ड' घेई. या मंडळावर गावातली, शहरातली प्रतिष्ठित माणसं असत. कुणाला बोलवायचं आणि कुणाला सूट द्यायची, हे ती ठरवत. कॉलेजात शिकत असलेल्या मुलाला शिक्षण संपेपर्यंत सूट मिळे. ओळखीच्या डॉक्टरचं पत्र असलं तर शारीरिक कारणावरूनही सुटता येई. आणखी एक वाट नॅशनल गार्डची होती. हे राज्यांच्या हाताखालचं राखीव दल, आणि त्यातल्या फारच थोड्यांना व्हिएतनामला पाठवण्यात आलं. तिथे वर्णी लागावी म्हणून लांब रांगा असत आणि वशिलाही चाले.

याचा व्यवहारातला अर्थ उघड होता. बापाकडे फी भरायला पैसे असलेला पोरगा वर्गात बसे. बाप गिरणीत किंवा शेतावर राबणारा असेल, तर पोरगा व्हिएतनामच्या भातखाचरात.

१९६५ च्या मार्चमध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन उतरले. एप्रिल १९६९ मध्ये तिथल्या अमेरिकी सैनिकांचा आकडा ५ लाख ४३ हजारांवर पोचला. १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २२ लाख तरुणांना सक्तीने भरती करण्यात आलं. अमेरिकेचे ५८ हजारांहून जास्त सैनिक मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या याच्या कितीतरी पट, अनेक लाखांत आहे. अमेरिकी गाण्यांच्या गोष्टीत ती बहुतेक वेळा येतच नाही.

त्यातही एक विसंगती होती. बंदूक १८ व्या वर्षी हातात दिली जाई, पण मताचा अधिकार २१ व्या वर्षी. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन'मध्ये बॅरी मॅग्वायर खरखरीत आवाजात नेमकं हेच विचारतो. हे गाणं लिहिलं तेव्हा पी. एफ. स्लोन विशीतही पोचला नव्हता. बऱ्याच रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. काहींना ते देशद्रोही वाटलं. मला विचाराल तर गाणं म्हणून ते जरा बटबटीतच आहे, वर्तमानपत्राचे मथळे एकामागून एक वाचून दाखवल्यासारखं. पण प्रश्न बिनतोड होता. मताचं वय १८ वर यायला १९७१ ची घटनादुरुस्ती लागली.

१ डिसेंबर १९६९ च्या रात्री भरतीचं चक्क लॉटरीत रूपांतर झालं. काचेच्या मोठ्या भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० या वर्षांत जन्मलेल्यांसाठी ही सोडत होती. पहिली कुपी निघाली १४ सप्टेंबरची. त्या तारखेला जन्मलेले सगळ्यांत आधी जाणार. सोडत टीव्हीवरून थेट दाखवली जात होती आणि वसतिगृहांमधली मुलं पडद्याकडे डोळे लावून बसली होती.

आवाज कुठून आला

युद्धविरोधी गाणी आधी रॉकची नव्हती. ती फोक, म्हणजे लोकसंगीताच्या परंपरेतली होती. एक साधी गिटार, एक गळा, आणि शब्द पहिल्या बाकावरच्याला ऐकू गेले पाहिजेत हा आग्रह. पीट सीगर, जोन बाएझ, बॉब डिलन ही त्यातली ठळक नावं. बाएझने तर १९६४ मध्ये आपल्या प्राप्तिकराचा ६० टक्के भाग भरायला नकार दिला. सरकार तेवढा वाटा शस्त्रांवर उडवतं, असा तिचा हिशेब होता. डिलनने १९६३ मध्ये शस्त्रं बनवणाऱ्यांना उद्देशून 'मास्टर्स ऑफ वॉर' लिहिलं. पण युद्ध खऱ्या अर्थाने पेटलं तोवर त्याने वाट बदलली होती. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांमधल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. निषेधाचा कवी म्हणून ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, त्याने त्या वर्षांत व्हिएतनामवर थेट असं जवळजवळ काहीच लिहिलं नाही.

इलेक्ट्रिक वाद्यांनी नुसती आवाजाची पातळी वाढवली नाही. शब्दांची मक्तेदारीही मोडली. आता वाद्याचा नाद स्वतःच काही म्हणू शकत होता. हा नाद ज्या तंत्रावर उभा राहिला त्यातला एक मोठा भाग आधीच्या महायुद्धातून आलेला आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. १९४५ मध्ये जर्मनीत असलेल्या जॅक मुलिन या अमेरिकी लष्करी तंत्रज्ञाला फ्रँकफर्टजवळच्या एका रेडिओ केंद्रात चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारी उत्तम यंत्रं सापडली. दोन यंत्रं सुटी करून त्याने घरी पाठवली. गायक बिंग क्रॉस्बीला ती इतकी आवडली की त्याने कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स या छोट्या कंपनीत पैसे घातले. पुढे त्याने अँपेक्सचं एक यंत्र गिटारवादक लेस पॉलला भेट दिलं. लेस पॉलने त्यावर एका आवाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढवायला सुरुवात केली. रॉकचा अख्खा स्टुडिओ याच थरांवर उभा आहे.

हा आवाज उभा राहण्यामागचं दुसरं कारण रेडिओचं. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत लोकप्रिय गाणी एएम केंद्रांवर लागत. तीन मिनिटांचं गाणं, मग जाहिरात, मग पुन्हा गाणं. कुणी श्रोता किंवा जाहिरातदार दुखावेल असं काही लावायला केंद्रं कचरत. एफएमचा आवाज चांगला, पण ऐकणारे थोडे, म्हणून मालक एएमचाच कार्यक्रम एफएमवरही सोडून देत. सरकारी नियामक आयोगाने मोठ्या शहरांत याला आळा घालणारा नियम केला. एफएमवर वेगळं काही लावणं भाग पडलं, आणि फारसं कुणी ऐकत नसल्यामुळे काय लावताय हे विचारणारंही कुणी नव्हतं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर टॉम डोनाह्यू लांबलचक गाणी, अख्ख्या लाँगप्ले तबकड्या लावू लागला. एएमने नाकारलेल्या गाण्यांना घर मिळालं ते असं. एका रुक्ष सरकारी नियमाने बंडखोरीला वाट करून दिली.

टीव्हीला एवढं स्वातंत्र्य नव्हतं. सीबीएस वाहिनीवरच्या स्मदर्स बंधूंच्या विनोदी कार्यक्रमात सप्टेंबर १९६७ मध्ये पीट सीगरने एक गाणं म्हटलं. हट्टी कॅप्टन आपल्या तुकडीला खोल चिखलाच्या नदीत पुढे पुढे रेटत नेतो, एवढीच त्यात कथा. व्हिएतनामचं नाव नाही, राष्ट्राध्यक्षांचं नाव नाही. तरी वाहिनीने ते कापलं. चर्चा झाली, टीका झाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत सीगरला ते पुन्हा गाऊ देण्यात आलं.

छावणीतला रेडिओ

तिकडे व्हिएतनाममध्ये लष्कराचं स्वतःचं रेडिओ जाळं होतं. पोरांना घरची आठवण कमी व्हावी म्हणून ते अमेरिकेतली ताजी गाणी लावत असे. सरकारला अडचणीची वाटणारी गाणी टाळायचा प्रयत्न होई, पण सगळी चाळून काढणं अशक्य होतं. उत्तर व्हिएतनामच्या हनोई रेडिओवरून त्रिन थी न्गो ही निवेदिका इंग्रजीत बोले. अमेरिकी सैनिकांनी तिला 'हनोई हॅना' नाव दिलं होतं. ती मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावं वाचे, तुम्ही इथे कशासाठी मरताय असं विचारे, आणि मधून मधून अमेरिकी गाणी लावे. बरेच जण प्रचाराला हसत आणि गाण्यांसाठी केंद्र लावून ठेवत.

सैनिकांच्या हाती पगार होता आणि लष्करी कँटीनच्या दुकानात जपानी टेपरेकॉर्डर स्वस्तात मिळत. घरून टेप येत, एकाच्या टेपवरून दुसरा नक्कल करून घेई. सुट्टीवर गेलेला माणूस नव्या तबकड्या घेऊन परते. जंगलात गस्तीवर असताना मात्र आवाज करणं म्हणजे स्वतःची जागा दाखवून देणं. त्यामुळे झाडीतून पुढे सरकणारी तुकडी आणि मागे घणाणणारी गिटार हे बव्हंशी पडद्यावरचंच दृश्य. गाणी प्रामुख्याने मागच्या तळांवर वाजत, आणि बहुसंख्य सैनिक तिथेच असत. कारकुनी, दुरुस्ती, रसद, दवाखाना अशा कामांवर.

डग ब्रॅडली हा स्वतः व्हिएतनाममध्ये लष्करी पत्रकार म्हणून गेलेला लेखक. त्याने आणि क्रेग वर्नर या अभ्यासकाने पुढे शेकडो माजी सैनिकांना त्यांच्या त्या काळातल्या गाण्यांबद्दल विचारलं. सर्वांत जास्त वेळा नाव आलं ते 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस' या गाण्याचं. 'इथून निघायलाच हवं' एवढाच त्याच्या ध्रुवपदाचा आशय. १९६५ चं हे गाणं न्यूयॉर्कच्या बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या जोडप्याने लिहिलेलं, गायलेलं इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या 'द अ‍ॅनिमल्स'नी. त्यात युद्ध नाही, सैनिक नाही, व्हिएतनाम तर नाहीच. कष्टकरी वस्तीत झिजून चाललेलं आयुष्य आणि तिथून सुटण्याची धडपड एवढंच आहे. पण तळावरच्या क्लबात बँडने ते सुरू केलं की सगळे उभे राहून ध्रुवपद ओरडत. अधिकारी आणि जवान दोघेही! विरोधाचं गाणं विरोध म्हणून लिहिलेलं असावंच लागतं असं नाही. ऐकणारा कुठे अडकला आहे यावर बरंच ठरतं.

छावणीत सगळे एकच काही ऐकत होते असंही नाही. कृष्णवर्णीय सैनिक सोल संगीत ऐकत, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे गोरे कंट्री संगीत, आणि गांजा ओढणाऱ्यांचा कोपरा रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लावून बसे. क्लबातल्या ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, काय लावायचं यावरून मारामाऱ्या होत. घरचा वर्णभेद बोटीत बसून तिथेही पोचला होता. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मृतांमधला कृष्णवर्णीयांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बराच मोठा होता आणि ही गोष्ट त्यांना माहीत होती.

या क्लबांमध्ये वाजवणारे बँड फिलिपिनो असत, कोरियन असत, ऑस्ट्रेलियन असत आणि दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतले, सायगावचेही असत. सायगावची पोरं इंग्रजी शब्द ऐकून ऐकून पाठ करत आणि अमेरिकी रॉक हुबेहूब वाजवत. त्याच शहरात त्रिन काँग सन हा कवी-गायक स्वतःच्या भाषेत युद्धाबद्दल गात होता. त्यात मेलेल्या प्रियकरांबद्दल होतं, वीस वर्षं चाललेल्या यादवीबद्दल होतं, बॉम्बने उखडलेल्या जमिनीबद्दल होतं. अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने त्याच्या गाण्यांवर बंदी घातली. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं, त्या दिवशी रेडिओवरून त्याने उत्तर-दक्षिण एक होण्याचं आपलं गाणं गायलं. तरी नव्या राजवटीनेही त्याला 'पुनर्शिक्षणा'साठी धाडलंच.

हेंड्रिक्सची सकाळ

आता त्या एका वादनाकडे येऊ ज्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, मॅक्स यास्गर नावाच्या दूधउत्पादकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला. चारेक लाख लोक आले. पहिल्या रात्री पावसात रविशंकर वाजवून गेले, तबल्यावर आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ होते. चिखलात लोळणारी ती गर्दी पाहून आपल्याला म्हशींची आठवण झाली, असं रविशंकर पुढे म्हणाले. महोत्सव रविवारी रात्री संपायचा होता, पण वेळापत्रक कोलमडलं आणि शेवटचा कलाकार जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो सोमवारी, १८ ऑगस्टच्या सकाळी. तोवर बहुतेक लोक घराकडे निघाले होते. त्या पसरलेल्या कचऱ्यासमोर त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. एकही शब्द न गाता, केवळ गिटारवर.

हे राष्ट्रगीत मुळात युद्धाचंच आहे. १८१४ मध्ये ब्रिटिश जहाजांनी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर तोफा डागल्या. पहाटे किल्ल्यावर झेंडा अजून फडकतोय, हे पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने ती कविता लिहिली. तिच्यात अग्निबाणांचा लाल उजेड आहे आणि हवेत फुटणारे बॉम्बही आहेत. एरवी लोक छातीवर हात ठेवून त्या ओळी गातात आणि बॉम्ब कुणालाच ऐकू येत नाही.

हेंड्रिक्सने तो ऐकवला. कसा, ते थोडं तांत्रिक आहे, पण अवघड नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती मोठी करून स्पीकरला दिली जाते. ती मोठी करणाऱ्या यंत्राला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं तर आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जातात आणि सूर फाटका, करकरीत होतो. जुने ध्वनितंत्रज्ञ याला दोष समजत. दुसरी गोष्ट, स्पीकरचा आवाज फार मोठा असला आणि गिटार त्याच्याजवळ नेली, तर त्या आवाजानेच तारा पुन्हा थरथरतात. तो आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा तारा हलवतो आणि चक्र सुरू राहतं. मंडपातल्या लाउडस्पीकरसमोर माइक गेला की जी कर्कश शीळ ऐकू येते, तिचाच हा भाऊ. फरक इतकाच की हेंड्रिक्स त्या शिळेला लगाम घालून हवी तिकडे नेऊ शकत होता. तिसरी गोष्ट म्हणजे गिटारच्या पुलाला जोडलेला लोखंडी दांडा. तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली कोसळत जातो, वरून पडणाऱ्या बॉम्बसारखा.

अग्निबाणांच्या ओळीपर्यंत त्याने चाल बऱ्यापैकी सरळ वाजवली. तिथे पोचल्यावर ती सोडली आणि गिटारमधून स्फोट, किंकाळ्या, विमानांची घरघर बाहेर पडली. मग पुन्हा चाल. पुढे बॉम्बची ओळ, पुन्हा स्फोट. आणि मधेच, अगदी स्वच्छ, लष्करी अंत्यविधीला बिगुलावर वाजवतात त्या धूनचे सूर.

हे वाजवणारा माणूस कोण होता? कॉलेजातून सूट मिळालेला पोरगा नव्हे. चोरीच्या गाड्यांच्या प्रकरणात तुरुंग टाळण्यासाठी १९६१ मध्ये तो सैन्यात गेला होता आणि १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराशूटने उड्या मारायला शिकला होता. वर्षभराच्या आसपास राहून १९६२ मध्ये बाहेर पडला. तो वुडस्टॉकला वाजवत होता तेव्हा त्याचंच डिव्हिजन व्हिएतनामच्या डोंगरात लढत होतं. काही आठवड्यांनी टीव्हीवर मुलाखतकार डिक कॅव्हेटने त्याला त्या वादनाबद्दल छेडलं. राष्ट्रगीत रूढ पद्धतीने वाजवलं नाही की लोक चिडतात, असा कॅव्हेटचा रोख होता. हेंड्रिक्स शांतपणे म्हणाला की त्यात वावगं काही नव्हतं, त्याला ते सुंदर वाटलं.

तो निषेध होता की श्रद्धांजली, यावर लोक अजून भांडतात. दोन्हींपैकी एकच निवडायचा हट्ट मला तरी पटत नाही. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, नववर्षाच्या कार्यक्रमात 'मशीन गन' वाजवण्याआधी त्याने ते गाणं शिकागो, मिलवॉकी आणि न्यूयॉर्कमध्ये लढणाऱ्या सैनिकांना अर्पण केलं, आणि हो, व्हिएतनाममधल्या सैनिकांनाही, अशी पुस्ती जोडली. अमेरिकी शहरांतल्या रस्त्यांवरची लढाई आणि तिकडची लढाई त्याने एकाच वाक्यात बसवली.

चार मृत, एक गाणं

३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामशेजारच्या कंबोडियात सैन्य घुसवल्याचं जाहीर केलं. विद्यापीठं पेटली. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. हे तेच दल, ज्यात शिरून मुलं व्हिएतनाम चुकवत होती.

'लाइफ' साप्ताहिकातली छायाचित्रं पाहून नील यंगने 'ओहायो' लिहिलं. २१ मे रोजी त्याने ते आपल्या तीन साथीदारांसह मुद्रित केलं आणि जूनमध्ये ते बाजारात होतं. गाण्यात निक्सनचं नाव थेट आहे. अनेक एएम केंद्रांनी ते लावलं नाही, एफएमने लावलं. नील यंग मूळचा कॅनेडियन, हे जाता जाता.

पण देशाचं मत काय होतं? गोळीबारानंतर गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि ११ टक्क्यांनी गार्डला. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी विद्यार्थ्यांना भर रस्त्यात चोपलं. त्या मजुरांची पोरंच भरतीत जात होती, आणि कॉलेजातली मुलं त्यांना आयतोबा वाटत होती.

ही वर्गाची जखम नेमकी पकडली ती जॉन फोगर्टीने. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल'चा हा गायक स्वतः भरतीत बोलावला गेला होता आणि त्याने लष्कराच्या राखीव दलात सेवा केली होती. १९६८ च्या डिसेंबरमध्ये निक्सन यांची मुलगी ज्युली आणि माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा नातू डेव्हिड यांचं लग्न झालं. अशा घरातली पोरं युद्धात मरायला जात नाहीत, हा राग मनात धरून फोगर्टीने १९६९ मध्ये 'फॉर्च्युनेट सन', म्हणजे 'नशीबवान पोरगा', लिहिलं. जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. त्यात सैनिकाला एक शब्दही वाईट बोललेला नाही. मी सेनेटरचा मुलगा नाही, लक्षाधीशाचा नाही, मग पाळी माझ्यावर, एवढंच. म्हणून ते मोर्चातही चाललं आणि छावणीतही. त्या सबंध काळातलं सर्वांत पक्कं गाणं मला हेच वाटतं.

मोटाऊन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीची कथा जरा व्यापारी आहे. 'वॉर' हे गाणं आधी 'द टेम्प्टेशन्स' या त्यांच्या लाडक्या गटाने गायलं होतं. ते स्वतंत्र तबकडी म्हणून काढलं तर गटाची लोकप्रियता घसरेल अशी कंपनीला भीती. म्हणून तुलनेने कमी प्रसिद्ध एड्विन स्टारकडून ते पुन्हा गाऊन घेतलं. १९७० च्या उन्हाळ्याअखेरीस ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे 'ग्रीन बेरेज'पासून इथवर यायला साडेचार वर्षं लागली. पुढच्या वर्षी मार्व्हिन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' आलं. त्याचा भाऊ फ्रँकी व्हिएतनाममधून परतला होता आणि त्याने सांगितलेल्या गोष्टी त्यामागे होत्या. कंपनीला ते काढायचंच नव्हतं.

मग गाण्यांनी युद्ध थांबवलं का? नाही. निम्म्याहून जास्त अमेरिकी लोक युद्धात पडणं ही चूक होती असं म्हणू लागले, ते ऑगस्ट १९६८ मध्ये. म्हणजे 'ओहायो', 'वॉर' आणि 'फॉर्च्युनेट सन' यांच्या आधीच. शवपेट्या आणि रोजच्या टीव्ही बातम्यांनी मत फिरवलं, गाणी त्या मागोमाग आली. आणि एवढी सगळी गाणी येऊनही १९७२ मध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. सैनिक परत येऊ लागले, भरती आटली, तशी विद्यापीठंही निवळली. लोकांचं लक्ष खरं वेधून घेतलं ते सैनिकांनीच. एप्रिल १९७१ मध्ये वॉशिंग्टनला संसदभवनासमोर शेकडो माजी सैनिकांनी आपली पदकं कुंपणापलीकडे भिरकावून दिली. हेच लोक छावणीत ती गाणी ऐकून आले होते. गाण्यांना श्रेय द्यायचंच तर ते इतकं, की रागाला नेमके शब्द मिळाले आणि मोर्च्यातल्या पोराला व छावणीतल्या पोराला एकमेकांची भाषा कळत राहिली.

युद्ध संपल्यावर ही गाणी कुणाच्याही हाती लागली. १९८४ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'मधल्या बेकार, उद्ध्वस्त माजी सैनिकाकडे दुर्लक्ष करून राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेची स्तुती केली. १९८९ च्या डिसेंबरमध्ये पनामाचा हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला, तेव्हा अमेरिकी सैन्याने बाहेर भोंगे लावून दिवसरात्र रॉक वाजवलं. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीत तूर्त न लावलेली बरी अशा गाण्यांची यादी फिरली. तिच्यात 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' होतं आणि 'वॉर'ही होतं.

२०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभांमध्ये 'फॉर्च्युनेट सन' वाजलं. व्हिएतनामच्या काळात ट्रम्प यांना पाच वेळा भरतीतून सूट मिळाली होती. चार वेळा कॉलेजसाठी आणि एकदा टाचेच्या हाडाच्या कारणावरून. पंचाहत्तरीत पोचलेल्या फोगर्टीने चित्रफीत काढून सांगितलं की राष्ट्राध्यक्षांनी हे गाणं का निवडलं हे आपल्याला कळत नाही, कारण तो नशीबवान पोरगा बहुधा तेच आहेत. ऑक्टोबरमध्ये त्याने गाणं थांबवण्याची नोटीस पाठवली.